एल्झा सुआरेस इतकी मोठी गायिका का मानली जाते?

एल्झा सुआरेस ही रिओच्या गरीब वस्तीत वाढलेली कृष्णवर्णीय ब्राझिलियन गायिका. कोवळ्या वयात लग्न लावून दिलेलं, पोरं उपाशी. 1953 च्या सुमारास ती प्रसिद्ध संगीतकार आरी बारोसो यांच्या रेडिओवरच्या नवोदितांच्या स्पर्धेत गेली. अंगात आईचा ढगळ ड्रेस, जागोजागी पिना लावून आवळलेला. प्रेक्षक खो खो हसले. बारोसोंनी विचारलं, ‘पोरी, तू कुठल्या ग्रहावरून आलीस?’ ती म्हणाली, ‘तुमच्याच. भुकेच्या ग्रहावरून.’ मग ती गायली आणि हसणारे गप्प झाले.

1960 च्या आसपास सांबा या ब्राझिलच्या ठेकेदार लोकप्रिय संगीताची गायिका म्हणून तिचं नाव झालं. घोगरा, खरवडल्यासारखा आवाज आणि जॅझसारखी मोकळी फिरत ही तिची खरी ओळख. पुढे फुटबॉलपटू गारिंशाशी संसार थाटला. तो आधीच विवाहित होता, तरी लोकांनी बोल लावला तो हिलाच. माझ्या मते हा शुद्ध अन्याय होता. मधली काही वर्षं हलाखीची गेली; 1984 मध्ये नामवंत ब्राझिलियन गायक काइतानो व्हेलोझोने तिला आपल्या गाण्यात घेतलं, तेव्हा ती पुन्हा उभी राहिली.

तरी मला सर्वांत थोर वाटतं ते तिचं उतारवयातलं काम. 2015 चा ‘आ मुल्येर दो फिं दो मुंदो’ (जगाच्या अंताची बाई) हा अल्बम तिने पंचाऐंशीच्या घरात केला. वर्णद्वेष, घरातली मारहाण हे विषय थेट मांडले आणि लॅटिन ग्रॅमी मिळवलं. 2022 मध्ये ती गेली. ऐकायला सुरुवात याच अल्बमपासून करा, जुना सांबा नंतर.