काळ्या मातीचा हिशेब लाल वावराला लावू नको

बाळा,

फोटो पाहिले. रामटेकच्या पुढचं ते दोन टेकड्यांच्या मधलं वावर, नुकतं वखरलेलं, विटकरी रंगाचं, छान दिसतंय. आणि तू काय लिहितोस तर काका, गावातले म्हणतात बरड आहे, देऊन टाक. अरे थांब जरा! टेकडीच्या अंगावर जी वीतभर माती असते आणि खाली लगेच मुरूम लागतो, ती बरडी. पावसानं वर्षानुवर्षं तिथून जे बारीक बारीक धुवून आणलं आणि खोलगटात साठवलं ती तुझी माती, रंगात थोडं साम्य असेल पण जात वेगळी.

नागपूरच्या पश्चिमेला, काटोल-कळमेश्वरकडे, खाली बेसाल्टचा दगड आहे म्हणून तिकडे काळी माती. रामटेक ओलांडून देवलापारकडे निघालं की तो दगड नसतो, त्याहून कितीतरी जुने ग्रॅनाइटच्या जातीचे आणि चमकणाऱ्या अभ्रकाचे दगड लागतात, ते झिजले की रेती जास्त, चिकण कमी, आणि त्यातलं लोखंड हवा लागून गंजतं. तोच हा लाल रंग. म्हणजे रंग बघून माती सुपीक की नापीक ते ठरत नाही, पाणी निचरतं की नाही ते मात्र बऱ्यापैकी कळतं. एक काम कर, वावराच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात मीटरभर खोल खड्डा घे. खालपर्यंत लाल दिसली तर मजा आहे, पण दोन फुटांवर राखाडी माती आणि त्यात गंजाचे ठिपके दिसले तर समज तिथे पावसाळ्यात पाणी तुंबतं, तो कोपरा धानाच्या बांधीलाच, म्हणजे बांध घातलेल्या खाचरालाच ठेव, तिथे झाडं लावायच्या भानगडीत पडू नको.

मग मूठभर माती ओली करून गोळा कर आणि अंगठ्यानं दाबत पट्टी काढ. इंचभर व्हायच्या आत तुटली तर पोयटा, म्हणजे रेती-गाळ-चिकण मिसळलेली माती. दोन इंच लांब निघाली तर चिकण जास्त. पट्टी निघतच नाही, हातात नुसती रेती चुरचुरते, तर मग गावातल्यांचं थोडं खरं मानू. खात्री करायची तर काचेच्या बरणीत माती, पाणी आणि चिमूटभर कपड्याची पावडर टाकून जोरात हलव, रेती मिनिटभरात बसते, गाळ बसायला तास-दोन तास लागतात आणि चिकण दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते.

आता मुख्य गोष्ट. तुझे बाबा काळ्या रानात पऱ्हाटी, म्हणजे कापूस करत आले, तुझ्या डोक्यात तोच हिशेब आहे की भरपूर पाणी द्या, एकदम खत टाका आणि मोकळे व्हा. काळी माती पाणी आणि खत दोन्ही धरून ठेवते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. लाल पोयट्याचं तसं नाही, तिला थोडं थोडं आणि वारंवार लागतं. मी स्वतः शिकलो ते नुकसान करूनच, सुरुवातीच्या काळात एका वावरात युरियाचा सगळा हप्ता एकाच दिवशी टाकायला सांगितला, रात्री धो धो पाऊस, खत पार खाली निघून गेलं आणि आठ दिवसांनी पीक पिवळं. त्या शेतकऱ्याकडे चहा प्यायला जायची लाज वाटायची मला. म्हणून युरिया तीन वेळा विभागून दे. स्फुरद, म्हणजे फॉस्फरसचं खत, वावरभर विखरून टाकू नको, या मातीतलं लोखंड त्याला पकडून ठेवतं, बियाण्याच्या जवळ ओळीतच पेर. आणि शेणखत, अरे शेणखत दरवर्षी, याला पर्यायच नाही, या मातीत सेंद्रिय कर्ब मुळातच कमी असतो.

पीक म्हणशील तर भुईमूग. काळ्यात उपटताना शेंगा मातीतच राहून जातात, इथे ओलीत उपटलं की अख्खं झाड वर येतं, फक्त आऱ्या, म्हणजे फुलातून मातीत शिरणारे देठ, सुटायच्या वेळी जिप्सम दे. मिरची, हळद, रताळी पण बसतात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर तूर. खोली चांगली निघाली तर आंबा, पेरू, सीताफळ बिनधास्त. संत्र्याचा मोह होणारच, नागपूरचा आहेस, निचरा तर संत्र्याला हवाच असतो पण उन्हाळ्यात ही माती लवकर सुकते, ड्रिप आणि विहिरीला मे महिन्यात पाणी, हे दोन्ही असेल तरच.

धान करायचं तर वरच्या बांध्यांत पाणी टिकत नाही, दोन पावसांत खंड पडला की रोवणी अडकते, तिथे कमी दिवसांचा वाण घे. आणि उभ्या धानात लाखोरी-जवस फेकायची, उतेरा, ती कन्हारात, म्हणजे खोल काळ्या मातीत जमते, तुझ्या वावरात थंडी सुरू होता होता ओल उडून जाईल.

एक खोड मात्र आहे हिची. पेरल्यावर जोराचा पाऊस येऊन लगेच कडक ऊन पडलं की वर पापडी धरते, तिळाचा कोंब तर तिला भेदूच शकत नाही. तेव्हा वाट बघत बसायचं नाही, वाफसा आला, म्हणजे माती पायाला चिकटेनाशी झाली, की हलका डवरा किंवा काट्याची फांदी फिरवून पापडी फोडायची. वाफसा इथे लवकर येतो, पावसानंतर एक-दोन दिवसांत वावरात पाय ठेवता येतो, काळ्यावाले तेव्हा चिखलाकडे बघत बसलेले असतात.

माती तपासायला देशील ना, तेव्हा वावराच्या वरच्या आणि खालच्या भागाचा नमुना एकत्र करू नको. धुरा, झाड, खताचा उकिरडा सोडून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घे, एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवड, सगळी मिसळून अर्धा किलो कापडी पिशवीत, सावलीत वाळवून. रिपोर्ट आला की फोटो टाक, सामू (पीएच) आणि कर्बाचे आकडे नीट दिसतील असा, मागच्या वेळेसारखा हलवून काढू नको.

काका