उद्यमनगरातल्या जॉबवर्कवाल्यांची बिलं 31 मार्चला थकलेली असतील तर आयकरात काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत भागीदारीतली फौंड्री, उलाढाल साधारण 12 कोटी. मशिनिंग आणि फेटलिंग (कास्टिंगच्या कडा घासून साफ करणं) कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या छोट्या वर्कशॉपकडून, आणि त्यांचे पैसे साठ ते नव्वद दिवसांनी. सीए म्हणतात, 45 दिवसांत पैसे दिले नाहीत तर खर्च धरता येणार नाही. हे खरं का, आणि मार्चअखेर सगळं फेडलं तर सुटका होते का?

सीए बरोबर सांगतायत, पण अर्धंच. 45 दिवस तुम्हाला आपोआप मिळत नाहीत. लेखी करार नसेल तर मुदत फक्त 15 दिवस. लेखी करार असेल तर करारात लिहिलेले दिवस, तेही जास्तीत जास्त 45. करारात 90 लिहिले तरी कायदा 45च धरतो. ही मुदत 2006 च्या एमएसएमईडी कायद्याच्या, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या कायद्याच्या, कलम 15 मधली. 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 43बी म्हणतं की काही खर्चांची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते. त्यात 2023 च्या अर्थसंकल्पाने (एच) हा खंड घातला आणि आर्थिक वर्ष 2023-24 पासून ती मुदत आयकरालाही जोडली. इथले आयकराच्या कलमांचे आणि फॉर्मचे नंबर 1961 च्या कायद्याखालचे, आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंतचे आहेत.

आता दिवस मोजायचे कुठून, इथं बहुतेकांचं चुकतं. बिलाच्या तारखेपासून नाही, महिनाअखेरीपासून तर नाहीच. माल तुमच्या गेटवर उतरला त्या दिवसापासून. म्हणजे चलनावर तुमचा इनवर्डचा शिक्का पडतो ती तारीख. मशिनिंगवाला महिनाभर चलनावर माल पाठवतो आणि शेवटी एकच बिल फाडतो, ही आपल्याकडची रीत. अशा वेळी बिल 28 तारखेचं असलं तरी 3 तारखेला आलेल्या मालाचे दिवस 3 पासूनच चालू होतात. माल रिजेक्ट असेल, बोअर मोठा झाला असेल किंवा फिनिश नसेल, तर माल आल्यापासून 15 दिवसांच्या आत लेखी हरकत नोंदवा. मग वर्कशॉपवाल्यानं दोष काढून दिला त्या दिवसापासून मोजणी सुरू होते. फोनवर झापलेलं यात धरत नाहीत. ईमेल करा, किंवा रिजेक्शन नोटवर त्याची सही घ्या.

एक हिशेब मांडून बघू. माल आला 20 फेब्रुवारी 2026 ला, जॉबवर्कची रक्कम 6 लाख, जीएसटी सोडून. करार नाही, म्हणून मुदत 7 मार्चला संपली. तुम्ही 29 मार्चला पैसे दिले, तर मुदत चुकली, पण वजावट त्याच वर्षी मिळते, कारण पैसे प्रत्यक्ष दिले ते वर्षही तेच. पैसे 12 एप्रिलला दिले, तर 2025-26 च्या उत्पन्नात 6 लाख मिळवले जातात आणि वजावट पुढच्या वर्षी मिळते. तोच माल 45 दिवसांच्या लेखी करारावर असता तर मुदत 6 एप्रिलपर्यंत होती. 5 एप्रिलला पैसे दिले असते तरी खर्च 2025-26 मध्येच बसला असता.

म्हणजे 31 मार्चला सगळं फेडलं तर 43बी(एच) पुरती सुटका नक्की होते. आणि 31 मार्चला शिल्लक असलेलं प्रत्येक बिल बाद होतं असंही नाही. 25 मार्चला आलेल्या मालाची मुदत, करार नसला तरी, 9 एप्रिलपर्यंत असते. यादी लागते ती दोन प्रकारच्या बिलांची: ज्यांची मुदत मार्चअखेर उलटून गेलीय ती, आणि ज्यांची एप्रिल-मेमध्ये संपते ती. पहिली मार्चमध्ये फेडा, दुसरी त्या त्या तारखेला. कामगार विमा किंवा जीएसटीसारखं विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भरून भागवण्याची सवलत (एच) ला नाही.

भागीदारी संस्थेला कर 30 टक्के आणि वर 4 टक्के सेस. 6 लाखांवर 1,87,200 रुपये. पुढच्या वर्षी वजावट मिळते, त्यामुळे ही रक्कम बुडत नाही, अडकते. पण 15 मार्चचा आगाऊ कर भरताना हे धरलं नसेल तर 234बी आणि 234सी चं (आगाऊ कर कमी भरल्याचं) व्याज लागतं, ते बुडीत.

खरं बुडीत मात्र वेगळंच. मुदतीनंतर पैसे दिले की एमएसएमईडी कायद्याच्या कलम 16 खाली व्याज लागू होतं: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट 6 टक्के असेल तर 18 टक्के. आणि कलम 23 म्हणतं की हे व्याज आयकरात खर्च म्हणून कधीच मिळणार नाही. वर्कशॉपवाला व्याज मागत नाही, म्हणून बहुतेक जण याकडे बघतही नाहीत. पण तुमची उलाढाल 10 कोटींच्या वर, म्हणजे टॅक्स ऑडिट आहेच, आणि त्या ऑडिटच्या अहवालात, म्हणजे फॉर्म 3सीडीच्या 22 व्या रकान्यात, ऑडिटरला ते व्याज आणि मुदतीत न दिलेली रक्कम, दोन्ही लिहावी लागतात. 29 मार्चला पैसे देऊन वर सुटलेली बिलंही या व्याजातून सुटत नाहीत.

हे सगळ्याच पुरवठादारांना लागू नाही. मायक्रो आणि स्मॉल, एवढ्यांनाच, मीडियमला नाही. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा वाढल्यात: मायक्रो म्हणजे यंत्रसामग्री अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत, स्मॉल म्हणजे 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत. दोन्ही अटी पाळल्या पाहिजेत. पुरवठादाराची उद्यम नोंदणी (केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवरची नोंदणी) हवी. सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात (2021) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की नोंदणीचा फायदा नोंदणीनंतरच्या पुरवठ्याला, आधीच्या नाही. नोंदणी कधी असावी यातला एक मुद्दा जानेवारी 2025 मध्ये मोठ्या खंडपीठाकडे गेलाय, त्यामुळे सीमेवरच्या प्रकरणांत ताणू नका.

पिग आयर्न, स्क्रॅप, रेझिन विकणारे बहुतेक व्यापारी असतात. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी होते, पण 2 जुलै 2021 च्या आदेशानुसार त्यांना फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जाचा फायदा. उशिरा पैशांचं संरक्षण नाही. म्हणून त्यांची थकबाकी 43बी(एच) मध्ये धरत नाहीत. प्रमाणपत्रावर मुख्य व्यवसाय उत्पादन, सेवा की व्यापार, ते वाचा. फेटलिंगचा ठेकेदार तुमच्याच शेडमध्ये माणसं लावत असेल तर तो सेवेत येतो, आणि उद्यम नोंदणी असेल तर त्यालाही हेच लागू. नवीन मशीन घेतलं असेल तर ती भांडवली खरेदी. घसाऱ्यावर 43बी(एच) चा परिणाम नाही, कलम 16 चं व्याज मात्र तिथंही आहे.

धनादेशाबद्दल. 30 मार्चला हातात दिलेला चेक 3 एप्रिलला वटला तरी पैसे 30 मार्चलाच दिले असं धरतात. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं 1954 मध्ये सांगितलं, आणि खटला आपल्या शेजारचाच, कराडजवळच्या ओगलेवाडीच्या ओगले ग्लास वर्क्सचा. चेक परत आला तर अर्थातच काही उरत नाही. पुढची तारीख घातलेला चेक म्हणजे वायदा. तो दिला त्या दिवशी पैसे दिल्याचं धरत नाहीत. मार्चअखेर आरटीजीएस करणं सगळ्यात बरं. तुम्ही वर्कशॉपवाल्याला सीआय बोरिंग (मशिनिंगमध्ये निघालेला बिडाचा चुरा) विकता आणि त्याच्या बिलातून वळतं करता, तर तेही चालतं, फक्त दोघांच्या सहीची खातेपुष्टी 31 मार्चच्या आत हवी.

आता करायचं काय, तर जानेवारीतच सगळ्या पुरवठादारांना पत्र पाठवून उद्यम प्रमाणपत्र मागवा आणि नंबर उद्यम पोर्टलवर तपासा. टॅलीत त्यांच्या खात्याला मायक्रो-स्मॉलची खूण करून बिलवार हिशेब चालू ठेवा, आणि तारीख इनवर्डची टाका. परचेस ऑर्डरवर एक ओळ छापा: माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत रक्कम दिली जाईल. खाली दोघांच्या सह्या. पुरवठादारानं स्वतःच्या बिलावर एकतर्फी छापलेले दिवस म्हणजे करार, असं माझ्या मते धरू नये. आणि मार्चमध्ये बसून मागच्या एप्रिलची तारीख घातलेले करार बनवू नका. ईमेलची तारीख खोटं बोलत नाही. काही जण वर्कशॉपवाल्याला उद्यम रद्द करायला लावतात. त्याच्या बँकेच्या कर्जावर त्याचा परिणाम होतो, आणि आधी झालेल्या पुरवठ्याला उपयोग शून्य.

राहिला तुमचा मोठा गिऱ्हाईक, जो नव्वद दिवसांनी पैसे देतो. 12 कोटी उलाढालीवर तुम्ही मायक्रोत बसत नाही, पण यंत्रसामग्री 25 कोटींच्या आत असेल तर स्मॉलमध्ये बसता, आणि कास्टिंग बनवता म्हणजे उत्पादक. उद्यम काढलं नसेल तर आधी ते काढा, नंबर तुमच्या बिलावर छापा आणि प्रमाणपत्राची प्रत त्यांच्या अकाउंट्स विभागाला मेल करा. गिऱ्हाईक कंपनी असेल तर 45 दिवसांपेक्षा जास्त थकलेल्या तुमच्या रकमेची माहिती तिला दर सहा महिन्यांनी एमएसएमई-1 फॉर्ममध्ये द्यावी लागते, 31 ऑक्टोबर आणि 30 एप्रिलपर्यंत. पैसे मागायचा फोन त्या तारखांच्या आधी करा.