जळगावात राहतो, नवशिका आहे. पहिला फिल्म कॅमेरा म्हणून ऑनलाइन दिसलेला याशिका इलेक्ट्रो ३५ घेऊ का?

नका घेऊ. नवं चामडं चिकटवून चकाचक केलेला कॅमेरा आतून कसा आहे, हे फोटोवरून कळत नाही. जळगावात राहताय ना, मग अमळनेर, चोपडा, पारोळा, चाळीसगाव पालथं घाला. बंद पडलेल्या स्टुडिओंच्या मालकांकडे कपाटात अजून कॅमेरे पडून आहेत. ज्याने तो आयुष्यभर वापरला, त्याच्याच हातून घ्या.

यावरून माझं आतेभावाशी अजून वाजतं. तो पुण्याला असतो. अमळनेरला आमच्या गल्लीत एक अप्पा होते. गावातली लग्नं, शाळेचे आयकार्ड फोटो, सखाराम महाराजांच्या वैशाखातल्या यात्रेचा रथ, सगळं त्यांनी काढलेलं. डिजिटल आलं आणि स्टुडिओ बंद झाला. त्यांचा पेंटॅक्स के१००० बघायला मी आतेभावाला बरोबर नेलं. कोपऱ्यांचा रंग उडालेला बघून तो माझ्या कानात अहिराणीत म्हणाला, "हाऊ बठ्ठा भंगार शे. डीलर तपासून देतो, तिथून घे."

अप्पांनी कॅमेरा लगेच हातात दिलाच नाही. मागचं झाकण उघडलं, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती सेटिंग) धरून ठेवलं, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक पूर्ण उघडलं आणि लेन्समधून खिडकीकडे आरपार बघायला लावलं. बुरशी असली तर काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. मग एक सेकंदावर शटर मारून आवाज ऐकवला. वंगण सुकलं की हाच सेकंद रेंगाळतो, नाहीतर पडदा मध्येच अडकतो. झाकणाच्या खाचेतला स्पंज नखाने दाबायला सांगितला. तो बोटाला चिकटला तर उजेड आत शिरणार. शेवटी अंगणातल्या उन्हाकडे बोट करून विचारलं, "सेल संपला, मीटर बंद, दोनशे आयएसओचा रोल आहे, काय लावशील?" मी म्हटलं, अ‍ॅपर्चर एफ १६ आणि शटर १/२५० सेकंद. तेव्हा कुठे त्यांनी पट्टा माझ्या गळ्यात घातला.

त्या वैशाखात मी रथ त्याच कॅमेऱ्यावर काढला. के१००० मध्ये सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागतो, शटर सेलशिवाय चालतं. १९७६ पासून १९९७ पर्यंत हे मॉडेल बनत राहिलं ते याच साधेपणामुळे. नवशिक्याने असाच घ्यावा. सगळं आपल्या हाताने लावावं लागतं म्हणूनच शिकणं होतं. फक्त लेन्सचं झाकण लावून ठेवत जा. या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटणच नाही, झाकण उघडं राहिलं की सेल उतरतो.

आतेभावाने डीलरकडून मागवलेल्या कॅमेऱ्यात स्पंजचा काळा लगदा झालेला होता, पहिल्याच रोलवर तांबडे पट्टे आले. तो याला नशीब म्हणतो. नशीब कसलं? 'तपासून देतो' म्हणणाऱ्याने मागचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

आपल्याकडच्या हवेचंही बघा. मे महिन्यात कॅमेरा गाडीत ठेवला की वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं. पावसाळ्यात तो चामड्याच्या कव्हरमध्ये मुळीच ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुणार असाल तर डेव्हलपर, म्हणजे रोल धुण्याचं रसायन, साधारण २० अंशांवर लागतो. उन्हाळ्यात आपल्या नळाचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं. मी माठाचं पाणी घेतो, त्यात बर्फ घालतो आणि थर्मामीटर बघितल्याशिवाय टाकीत ओतत नाही. कलर रोल पुण्याला कुरिअर करतो.

आता इलेक्ट्रोबद्दल. लेन्स सुरेख आहे, त्यात वाद नाही. पण शटर सगळं विजेवर. बॅटरी नसेल तर तो फक्त १/५०० सेकंदावर चालतो. मूळची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, ६ व्होल्टची छोटी बॅटरी अडॅप्टर लावून बसवावी लागते. एवढं करूनही तोच हवा असेल तर विकणाऱ्याकडून दोन गोष्टी मागा: मागून उजेड टाकून काढलेला लेन्सचा फोटो, आणि त्याच कॅमेऱ्यावर अलीकडे काढलेल्या रोलच्या निगेटिव्ह. टाळाटाळ केली तर पैसे पाठवू नका.