स्वतःचं छोटं जेट : आधी तास मोजा, मग मॉडेल

छोट्या जेटविषयी बरीच पत्रं साठली होती. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कुठलं मॉडेल?’ हा असतो. मी तो शेवटी घेतो, कारण आधीच्या प्रश्नांची उत्तरं मिळाली की मॉडेल बरेचदा आपोआप ठरतं. कधीकधी तर विमानच घ्यायचं नाही, असंही ठरतं.

प्रश्न : कोल्हापुरात आमची फाउंड्री आहे. महिन्यातून दोनदा दिल्ली आणि दोनदा कोइमतूर होतं, सोबत तीन-चार जण असतात. फेनम 300 घ्यावं की सायटेशन सीजे4?

दोन्ही उत्तम विमानं आहेत, पण तुमच्या कामाला दोन्ही मोठी पडतात. पाच जणांसह फेनम 300ई सुमारे 3,700 किलोमीटर जातं, सीजे4 जेन2 कमी माणसांत 4,000च्या आसपास. कोल्हापूर ते दिल्ली हवाई अंतर साधारण 1,350 किलोमीटर आणि कोइमतूर 700. कागदावर सायटेशन एम2सुद्धा हे काम आरामात करतं. ब्रोशरमधला पल्ला मात्र सावकाश वेगाचा आणि अनुकूल हवेचा असतो, त्यातून चौथा हिस्सा वजा करूनच विचार करा.

आता तास मोजू. दिल्लीला एका बाजूने दोन तास धरले तर जाऊन-येऊन महिन्याच्या चार फेऱ्यांचे आठ तास. कोइमतूर एका बाजूने सव्वा तास, म्हणजे चार फेऱ्यांचे पाच. महिन्याला तेरा, वर्षाला सुमारे 156. या धंद्यात ढोबळ नियम असा की वर्षाला 200 तासांच्या खाली अख्खं विमान स्वतःचं ठेवणं महाग पडतं. दोन पायलट, इंजिनिअर, विमा, हँगर, सिम्युलेटर, सॉफ्टवेअरचे वर्गणी-शुल्क, हे सगळे खर्च विमान जमिनीवर उभं असलं तरी चालूच राहतात. समजा हा ठरलेला खर्च वर्षाला सहा कोटी आहे. 150 तासांवर तो तासाला चार लाख पडतो आणि 300 तासांवर दोन लाख. इंधन त्यावर वेगळं. फेनम 300 तासाला साधारण 600 ते 650 लिटर पितं.

म्हणून माझं मत : आणखी एक वर्ष चार्टर करा, म्हणजे विमान भाड्याने घ्या, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवा. शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यात तुमच्यासारखाच प्रवास असलेला दुसरा उद्योजक मिळाला तर भागीदारीत विमान परवडेल. फक्त एकाच सोमवारी दोघांना विमान हवं असेल तर ते कुणाला मिळेल, हे आधी लिहून घ्या. भागीदाऱ्या पैशांवरून कमी तुटतात, सोमवारवरून जास्त.

तरीही घ्यायचंच असेल, तर दोन विमानांतला फरक ब्रोशरमध्ये शोधू नका. त्या प्रकाराचा परवाना असलेला इंजिनिअर तुम्हाला भारतात सहज मिळतो का, आणि सुटा भाग किती दिवसांत येतो, हे विचारा. एका सेन्सरसाठी विमान आठवडाभर उभं राहिलं, तर तासाला वीस-पंचवीस किलोमीटरचा जादा वेग काय कामाचा?

प्रश्न : सीए म्हणतात, एनएसओपी म्हणजे भाड्याने विमान चालवण्याच्या परवान्याखाली घ्या, कर वाचेल, उरलेले तास चार्टरला द्या. खरं आहे का?

कराचा भाग खरा आहे. 22 सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर 40 टक्के जीएसटी लागतो. इतर वापराच्या विमानांवर 5 टक्के. 90 कोटींच्या विमानावर हा फरक 36 कोटी विरुद्ध साडेचार कोटी असा होतो. कस्टम्सची आकारणी वेगळी. एवढा आकडा पाहून कुणालाही मोह होईल.

पण ही सवलत वापराशी बांधलेली आहे. विमान भाड्याने फिरवण्यासाठी आणलं असं लिहून द्यायचं आणि मालकाच्या कुटुंबाला घेऊन फिरवायचं, हे चालत नाही. अशा वापरावरून मालकांना नोटिसा गेल्या, विमानं जप्त झाली आणि प्रकरणं न्यायाधिकरणापर्यंत पोचली. स्वतःच्या कंपनीचा प्रवासही बाजारभावाने बिल करून, जीएसटी भरूनच दाखवावा लागतो. उलट बाजूनेही सांभाळा : खासगी श्रेणीतलं विमान मित्राला ‘फक्त इंधनाचे पैसे दे’ म्हणून देणं म्हणजे बेकायदा चार्टर. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

‘उरलेले तास चार्टरला’ हे वाक्य तर मला नेहमीच आशावादी वाटतं. लग्नसराईत, निवडणुकीत मागणी असते, आणि नेमकं तेव्हाच तुम्हालाही विमान हवं असतं. शिवाय स्वतःचा परवाना म्हणजे जबाबदार व्यवस्थापक, उड्डाण सुरक्षा प्रमुख, देखभाल व्यवस्थापन संस्था, विमान वाहतूक नियामक डीजीसीएचे ऑडिट. एका विमानासाठी एवढा डोलारा उभारू नका. आधीपासून परवाना असलेल्या चांगल्या ऑपरेटरकडे विमान चालवायला द्या. करार वकिलाकडून करून घ्या, ऑपरेटरने दिलेल्या छापील नमुन्यावर सही करू नका. गुजरातमधल्या गिफ्ट सिटीतून लीजवर घेण्याचा मार्गही आता रुळला आहे. एकरकमी पैसा अडकवायचा नसेल तर तो आधी पाहा.

प्रश्न : आम्ही जळगावचे. पावसाळ्यात आमच्या धावपट्टीवर जेट उतरेल ना?

उतरेल, पण कुठलं आणि किती वजनाने, ते बघावं लागेल. विक्रेता लँडिंगचं जे अंतर सांगतो, ते कोरड्या धावपट्टीवर, समुद्रसपाटीला, कसलेल्या चाचणी-वैमानिकाने काढलेलं असतं. चार्टरच्या नियमांत जेटने उपलब्ध लांबीच्या 60 टक्क्यांत थांबलं पाहिजे, आणि धावपट्टी ओली असेल तर त्यावर आणखी 15 टक्के लांबी हवी. म्हणजे ब्रोशरमध्ये 900 मीटर असेल तर कोरड्यात 1,500 आणि पावसात 1,725 मीटर लागतात. जळगावची धावपट्टी सुमारे 1,700 मीटरची. गणित तिथेच अडतं! ज्याचं अंतर 700 मीटरच्या आत आहे, त्याला ओल्या धावपट्टीवरही साधारण 1,340 पुरतात. फेनम 300ई या गटात बसतं. खासगी उड्डाणाला हे गुणक सक्तीचे नसले तरी मी ते सोडणार नाही. जोराच्या पावसात पाण्यावरून चाकं घसरतात, त्यांना तुमची श्रेणी खासगी की चार्टर हे कळत नाही.

मे महिन्यात उलट अडचण येते. 44 अंशांत हवा विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो आणि उड्डाणाला लांबी जास्त लागते. ब्रोशरमधलं तापमान 15 अंश असतं. विक्रेत्याकडे तुमच्या धावपट्टीसाठी, 44 अंशांना, पाच प्रवाशांसह काढलेला तक्ता लेखी मागा. तो द्यायला खळखळ करणाऱ्याशी पुढे बोलू नका.

आणखी एक गोष्ट : विमानात गगन या भारतीय उपग्रह-दिशादर्शन प्रणालीवरून खाली उतरता येईल असं एलपीव्ही उपकरण हवंच. जमिनीवर महागडी आयएलएस यंत्रणा नसली तरी, तशी पद्धत प्रसिद्ध झालेल्या विमानतळावर ते उभ्या दिशेचंही मार्गदर्शन देतं. एप्रिल 2022मध्ये राजस्थानातल्या किशनगढला एटीआर विमान असंच उतरवून दाखवलं होतं.

प्रश्न : आई 82 वर्षांची आहे. छोट्या जेटमध्ये टॉयलेट असतं का?

असतं, पण सगळ्यांत सारखं नसतं. काही विमानांत नुसता पडदा असतो आणि आईंना ते आवडणार नाही. फेनम 300मध्ये दार आहे. उभं राहता येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, केबिनची उंची जेमतेम दीड मीटर. दाराच्या पायऱ्या उंच असतात, म्हणून सौदा करण्याआधी आईंना प्रत्यक्ष चढवून बघा. पिलाटस पीसी-24ला मागे मोठं मालाचं दार आहे, स्ट्रेचर न्यायची वेळ येऊ शकत असेल तर त्याचा विचार करा.

प्रश्न : नांदेड ते मुंबई आठवड्यातून तीनदा. जेट की टर्बोप्रॉप?

टर्बोप्रॉप, म्हणजे प्रोपेलरचं विमान. एवढ्या अंतरावर जेट वर चढून पुरतं स्थिरावतं न स्थिरावतं तोच उतरायची वेळ होते. किंग एअरसारख्या टर्बोप्रॉपपेक्षा फार तर दहा-पंधरा मिनिटं वाचतील, आणि मुंबईवर घिरट्या घालण्यात ती जातील. खरी अडचण मुंबईचीच आहे. गर्दीच्या तासांत खासगी विमानांना तिथे प्रवेश नसतो, रात्रीचं पार्किंग मिळेलच असं नाही. मग विमान रिकामं दुसरीकडे न्यायचं आणि सकाळी रिकामंच परत आणायचं. या रिकाम्या फेऱ्याही तुमच्या खिशातूनच जातात. इंधनाबाबत एक बरी गोष्ट : मुंबई, पुणे आणि रायगडमधला एटीएफ म्हणजे विमान इंधनावरचा व्हॅट 2023मध्ये 25 टक्क्यांवरून 18वर आला.

प्रश्न : बारा वर्षांचं जुनं सीजे3 अर्ध्याहून कमी किमतीत मिळतंय. घ्यावं?

इंजिन प्रोग्रॅमवर आहे का, हे पहिलं विचारा. विल्यम्सचा टॅप ब्लू किंवा प्रॅटचा ईएसपी या इंजिन-उत्पादकांच्या योजनांत मालक उडालेल्या प्रत्येक तासाला पैसे भरत जातो आणि मोठी दुरुस्ती त्यातून होते. मध्येच भरणं थांबवलेलं असेल तर ते थकीत पैसे पुढच्या मालकाच्या गळ्यात येतात. स्वस्ताईचं कारण बरेचदा तिथेच सापडतं. लॉगबुक पहिल्या दिवसापासून सलग हवीत. इंजिनाची बोरस्कोप तपासणी (बारीक कॅमेऱ्याने आतून पाहणी) आणि समुद्राकाठी उभ्या राहिलेल्या विमानाची गंज-तपासणी तुमच्या माणसाकडून करून घ्या, विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये नको. आयात होणाऱ्या विमानाला वयाची अट आहे, ती आगाऊ रक्कम देण्याआधी डीजीसीएच्या सध्याच्या नियमांत पाहा.

प्रश्न : मी डॅलसमध्ये डॉक्टर आहे, खासगी पायलटचा परवाना आहे. सिरस व्हिजन जेट स्वतः उडवू का?

तुमच्याकडे नियम सोपे आहेत, एकट्या पायलटला परवानगी आहे. मात्र कुठल्याही जेटसाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची वेगळी पात्रता, लागतंच. ह्यूस्टन किंवा डेन्व्हरपर्यंतच्या प्रवासाला हे विमान छान. अख्ख्या विमानासाठी पॅराशूट आहे, आणि पायलट बेशुद्ध पडला तर प्रवाशाने बटण दाबलं की विमानाने स्वतः उतरण्याची सोयही नव्या विमानांत आहे. मर्यादा दोन. एक, 31,000 फुटांवर छत येतं, आणि टेक्सासची वादळं त्याच्या कितीतरी वर जातात. त्यांना वळसा घालायचा किंवा थांबायचं. दोन, सीटा सात असल्या तरी टाकी पूर्ण भरल्यावर दोन-तीन मोठ्या माणसांचंच वजन उरतं.

19 जानेवारी 2025नंतरच्या खरेदीवर पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा मिळतो, म्हणून अनेक डॉक्टर घाई करत आहेत. त्यासाठी धंद्याचा वापर निम्म्याहून जास्त दाखवावा लागतो, आणि तो पुढच्या वर्षांतही टिकवावा लागतो. विमा कंपनी सुरुवातीचे काही तास अनुभवी पायलट शेजारी बसवायला सांगेल. तिने सांगितलेल्या तासांच्या दुप्पट बसवा, आणि पहिला पावसाळी हंगाम त्याच्यासोबतच काढा.