बुद्धिबळात एकटं पडलेलं प्यादं नेहमीच कमजोर असतं का? (मुलगी पुण्यात शालेय स्पर्धा खेळते, सर म्हणतात ‘टाळ’)

नाही, नेहमीच नाही. पटावर मोहरी किती उरलीत त्यावर ते ठरतं. समजा पांढऱ्याचं प्यादं डी४ वर (डी या उभ्या पट्टीतल्या चौथ्या घरात) आहे आणि सी, ई या शेजारच्या पट्ट्यांत त्याची प्यादी नाहीत. त्याला प्याद्याचा जोर मिळणार नाही, म्हणजे राखणीला मोहरीच जुंपावी लागतात. पण खरी डोकेदुखी समोरच्या डी५ घराची. तिथे काळ्याचा घोडा येऊन बसला की त्याला हुसकायला प्यादंच नसतं. बुद्धिबळपटू आणि लेखक निम्झोविचने १९२५ साली हीच नाकाबंदी, म्हणजे प्याद्यासमोरचं घर अडवणं, नीट मांडली. कोथरूडला शनिवार-रविवार मुलांना शिकवतो, तिथे बहुतेक जण प्याद्यावर तुटून पडतात आणि ते घर मोकळंच सोडतात!

मात्र डाव भरलेला असताना हेच प्यादं हत्तींना दोन मोकळ्या पट्ट्या देतं, घोड्याला ई५ वर टेकू देतं, आणि डी५ ची चाल मिळाली तर पांढऱ्याच्या हल्ल्याला वाट मिळते. म्हणून मुलीला एवढं सांगा: प्यादं आपलं असेल तर घोडे-उंट उगाच मारामारीत घालवू नकोस, समोरच्याचं असेल तर घोडे-उंटच आधी कापून काढ, हत्ती मात्र ठेव.