वाचकांचे प्रश्न : पन्नाशी उलटल्यावर ऑटिझम कळला तर?

या महिन्यात एकाच विषयावर बरीच पत्रं आलीत, त्यातली तीन घेतली. नावं अर्थातच छापत नाही, दोन पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न १ : ताई नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातली, वय ५३, बँकेत आहे. मागच्या वर्षी माझ्या भाच्याच्या मुलाला ऑटिझम आहे असं निदान झालं. भाचेसून रोज काही ना काही वाचून मला फॉरवर्ड करायची, कारण घरात तिचं ऐकून घेणारी मीच. आणि वाचता वाचता मला घाम फुटायला लागला, ते सगळं त्या पोराबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त होतं. नवीन ड्रेस आणला की मानेमागचं लेबल मी आधी उसवते, जरीची साडी नेसायची म्हटलं की आदल्या दिवसापासून टेन्शन. फोन करायचा असला तर काय बोलायचं ते पाकिटाच्या पाठीवर लिहून काढते, गॅसवाल्याला करायचा असला तरी. लग्नात मी कायम अक्षता वाटायला नाहीतर पंगतीत पाणी वाढायला जाते, सगळे म्हणतात किती कामसू, पण खरं सांगू का, हातात काम नसलं की कुणाशी काय बोलायचं तेच सुचत नाही. बॅलन्स जुळत नसला की चूक मला पटकन सापडते, पण साहेब चेष्टा करतायत की खरंच चिडलेत ते कळत नाही. घरी आले की अर्धा तास दिवा न लावता बसते, सासूबाई होत्या तोवर त्यावरून रोज कटकट व्हायची. लहानपणापासून शिष्ट, घुमी, तिरसट हेच ऐकत आले. मिस्टर म्हणतात आता या वयात तपासून काय करणारेस. लोक हसतील का, ही धास्ती वेगळीच. आणि मलाही वाटतं, इतकी वर्षं नोकरी केली, संसार केला, दोन मुलं वाढवली, मग मला ऑटिझम असेलच कसा?

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरू करते कारण तीच शंका जवळपास प्रत्येक पत्रात आहे. नोकरी, संसार, मुलं हे सगळं ऑटिझम असूनही होतं, अनेकांचं झालेलं आहे. फक्त त्यासाठी त्यांना किती ओढाताण करावी लागली ते कुणी विचारलेलं नसतं.

तुम्ही शाळेत होतात तो काळ बघा. ऑटिझमचं पहिलं गाजलेलं वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत केलं, ११ मुलांचं, आणि पुढे कित्येक वर्षं ऑटिझम म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एक लहान मुलगा, त्यातही मुलगाच, कोपऱ्यात एकटा बसलेला असंच यायचं. नीट बोलणारी, मार्क मिळवणारी, पण माणसांत अवघडणारी मंडळी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या मॅन्युअलमध्ये आली थेट १९९४ ला, ॲस्पर्गर या नावाखाली. तोवर तुमची शाळा संपून किती वर्षं झाली होती! २०१३ ला ते वेगळं नावही काढून टाकलं आणि सगळं ऑटिझम स्पेक्ट्रम या एकाच छत्राखाली आणलं. म्हणजे तुमच्या बाईंना, आईला, फॅमिली डॉक्टरांना हे दिसलं नाही यात त्यांचा दोष काढून उपयोग नाही, त्यांच्याकडे 'घुमी' हाच शब्द होता.

आता तज्ज्ञ बघतात काय. दोन गोष्टी बघतात. एक, माणसांशी देवाणघेवाण : बोलणं पुढे नेणं, चेहरा-आवाज-हावभाव वाचणं आणि स्वतःचे दाखवणं, नाती जमवणं आणि टिकवणं, आणि या तिन्हींत अडचण असावी लागते. दुसरं, तोचतोचपणा : ठरलेल्या सवयी, बदल झाला की हलून जाणं, एखाद्या विषयात पार बुडून जाणं, एकच हालचाल परत परत करणं, आणि आवाज, स्पर्श, वास, उजेड यांचा खूप जास्त किंवा खूप कमी त्रास. यातल्या कमीत कमी दोन प्रकारच्या गोष्टी तरी असाव्या लागतात. जरीची साडी आणि लेबल हे नखरे नव्हते, सेन्सरी त्रास म्हणतात तो हाच असू शकतो, आणि २०१३ पासून तो निकषांमध्ये रीतसर लिहिलेला आहे. त्याच निकषांत अजून एक वाक्य आहे जे तुमच्या वयाच्या माणसासाठी फार महत्त्वाचं : लक्षणं लहानपणापासून हवीत, पण अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्ण दिसतीलच असं नाही, किंवा माणूस शिकलेल्या युक्त्यांनी ती झाकूनही टाकतो. पाकिटामागची वाक्यं, अक्षतांचं ताट, पाण्याचा जग, या तुमच्या युक्त्या. अक्षता वाटताना बोलायचं काय ते ठरलेलं असतं, कुणासमोर किती वेळ थांबायचं तेही ठरलेलं असतं, आणि थांबायला कुणी लावत नाही. कुणी शिकवल्याशिवाय तुम्ही बरोब्बर ती जागा शोधून काढलीत, मला तर हुशारीच वाटते ही. याला इंग्रजीतून मास्किंग म्हणतात आणि त्याने माणूस दमतो, दिवसभर दुसऱ्या कुणाची तरी भूमिका करून आल्यासारखा. तो अर्धा तासाचा अंधार त्यासाठीच लागत असणार.

बायकांमध्ये हे जास्त सुटतं. आपल्याकडे मुलगी गप्प असली की 'किती गुणी' म्हणतात, प्रश्नच संपतो. शिवाय बऱ्याच जणी सांगतात की पाळी जायच्या वयात या जुन्या युक्त्या अचानक पुऱ्या पडेनाशा झाल्या, झोप गेली, आवाज सहन होईना आणि मग शोध सुरू झाला. गायिका सुझन बॉयल यांचं तर पन्नाशी ओलांडल्यावर निदान झालं, लहानपणी त्यांना मेंदूला इजा झालीय असं सांगितलं गेलं होतं, आणि निदान कळल्यावर हायसं वाटलं असं त्यांनीच २०१३ ला जाहीर सांगितलं. सगळ्यांना हायसंच वाटतं असं नाही हां. काहींना आधी खूप राग येतो, इतकी वर्षं उगाच बोलणी खाल्ली म्हणून, मग रडू येतं. दोन्ही एकाच आठवड्यात होऊ शकतं.

तर तपासायचं का? मिस्टरांचा प्रश्न उडवून लावू नका, 'काय करणारेस' हा खरंच आधी सोडवायचा प्रश्न आहे. तुम्हाला फक्त स्वतःचा उलगडा हवाय, की सरकारी सर्टिफिकेट हवंय, की झोप-चिंता-थकवा असं काहीतरी आत्ता सतावतंय? तिन्हीचे रस्ते वेगळे.

सतावत असेल तर त्याचा इलाज आधी करा, ऑटिझमच्या कागदाची वाट बघू नका. चिंता आणि डिप्रेशन ऑटिस्टिक मोठ्यांमध्ये खूप दिसतं आणि त्यावर उपचार आहेत, खुद्द ऑटिझमवर गोळी नाही आणि कुणी 'बरा करून देतो' म्हणालं तर तिथून उठून या. रात्री-अपरात्री फार खचल्यासारखं झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

उलगडा हवा असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्ट. पण अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा की मोठ्या माणसांचं ऑटिझम असेसमेंट करता का, कारण आपल्याकडे बहुतेक सेंटर मुलांसाठीच आहेत आणि काही ठिकाणी अजूनही 'अहो तुम्ही डोळ्यात बघून बोलताय, तुम्हाला कसला ऑटिझम' असं दोन मिनिटांत सांगून परत पाठवतात. (फोन करणं जड जात असेल तर मेसेज करा, चालतं.) रक्ताची टेस्ट नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही, सगळं बोलण्यावर आणि तुमच्या लहानपणाच्या माहितीवर उभं असतं, आणि तुमच्या वयात तेच मिळवणं सगळ्यात कठीण. आई असेल तर आईला, नसेल तर मोठ्या बहिणीला, मावशीला, आत्याला विचारा, पण 'मी विचित्र होते का' असं विचारू नका, त्यावर 'छे गं, काहीतरीच काय' हेच उत्तर मिळणार. असं विचारा : मी कुणाबरोबर खेळायचे? भातावर आमटी घातलेली चालायची का वेगवेगळं लागायचं? लग्नाघरी मी कुठे सापडायचे? शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं माळ्यावर असतील तर शेरे वाचा, 'हुशार आहे पण मिसळत नाही' असलं एक वाक्यही कामाचं असतं. हे सगळं आणि तुमचं हे पत्र, आहे असंच, घेऊन जा.

सर्टिफिकेटचं मात्र स्पष्ट सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात ऑटिझम आहे. सरकारी मेडिकल बोर्ड ISAA ही ऑटिझमची भारतीय मोजणी वापरतं, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. ही मोजणी मुळात मुलं आणि तरुण डोळ्यासमोर ठेवून बनवलेली आहे. सगळं झाकायला शिकलेली, नोकरी करणारी ५३ वर्षांची बाई त्यात कमी गुणांत बसण्याची शक्यता बरीच. तसं झालं तर 'मला काही नाहीच' असा अर्थ काढू नका.

आणि लोक हसतील का... काही हसतील. सगळ्यांना सांगायचं बंधन नाही. मी तुमच्या जागी असते तर भाचेसुनेला पहिलं सांगितलं असतं, तिला त्या पोराच्या भविष्याची धास्ती आहे आणि समोर तुम्ही आहात, नोकरी-घर करून उभ्या.

प्रश्न २ : आमचे हे ६३ वर्षांचे, सरकारी खात्यातून इंजिनीअर म्हणून रिटायर. जेवण साडेबाराला म्हणजे साडेबारालाच, पाहुणे आले तरी आपल्या खोलीत. माझी आई गेली त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत, जवळ आले नाहीत. मुलगी पुण्यात सायकॉलॉजी शिकतेय, ती म्हणाली बाबा ऑटिस्टिक आहेत. त्यांना ते कळलं आणि आठ दिवस घरात अबोला. मी काय समजू? (नाशिक)

उत्तर : मुलीला प्रेमाने सांगा की घरच्या माणसाचं निदान जेवणाच्या टेबलावर करू नये, तिचे प्रोफेसरही हेच सांगतील. ते असतील किंवा नसतील, ते त्यांनी ठरवलं तर तपासलं जाईल.

पण पत्राच्या कापलेल्या भागात तुम्ही एक गोष्ट ओझरती लिहिलीय, ती मी परत वाचली. आई गेली त्या दिवशी तुम्ही फोन ठेवेपर्यंत त्यांनी गाडीचं बघितलं होतं, तुमची बीपीची गोळी, चार्जर, शाल बॅगेत भरली होती, शेजारी किल्ली दिली होती. शब्द नाही बोलले, खरंय, आणि तुम्हाला शब्दच हवे होते, तेही खरंय. ब्रिटिश संशोधक डॅमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही हे अर्धंच आहे, बाकीच्यांनाही त्याचं मन तितकंच कळत नाही, अडचण दोन्हीकडून आहे. म्हणून लेबल राहू दे बाजूला आणि सरळ सांगून बघा. 'तुम्हाला काही वाटतच नाही' असं न म्हणता 'मला आज आईची आठवण येतेय, दहा मिनिटं शेजारी बसा, बोलू नका काही' असं. सूचक बोलणं, उसासे, भांडी आपटणं हे सगळं आपल्या घरांत चालतं पण अशा माणसाला ते खरंच ऐकू येत नाही. एक मात्र आहे : घालूनपाडून बोलणं, पैसे अडवणं, हात उचलणं यातलं काही असेल तर त्याला ऑटिझमचं पांघरूण घालायचं नाही. तसं असेल तर मला वेगळं लिहा.

प्रश्न ३ : वय ३४, आयटीत आहे, पुणे. ऑनलाइन एक्यू टेस्टमध्ये ३८ आले. म्हणजे कन्फर्म का? एचआरला सांगू का? ओपन ऑफिसमध्ये डोकं फुटतं.

उत्तर : कन्फर्म नाही. एक्यू म्हणजे ऑटिझमची वैशिष्ट्यं आपल्यात किती आहेत ते आपणच भरून बघायची ५० प्रश्नांची टेस्ट, ती केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ ला काढली, तेव्हा ऑटिस्टिक गटातल्या साधारण ८० टक्के लोकांना ३२ किंवा जास्त आले आणि बाकीच्यांतल्या २ टक्क्यांना. म्हणजे ३८ ला वजन आहे, पण लोकांत जायची भीती, ओसीडी (तेच विचार, त्याच कृती परत परत), एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) यांनीही स्कोअर वर जातो, आणि एडीएचडी तर ऑटिझमच्या जोडीनेही असतो, २०१३ च्या आधी नियमच असा होता की दोन्ही एकत्र लिहायचे नाहीत. ते वेगळं करायला माणूसच लागतो.

एचआरला आत्ता नाव सांगू नका, गरज सांगा. 'मला आवाजात काम होत नाही, भिंतीकडची जागा आणि हेडफोन चालतील का, मीटिंगचे मुद्दे आधी मेलवर मिळतील का', याला कुठलाच कागद लागत नाही आणि बरेच मॅनेजर हो म्हणतात. निदान झालं तर मग २०१६ च्या कायद्याचं कलम २१ काढा, प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आहे, खाजगी कंपनीनेसुद्धा. तुमच्या कंपनीच्या इंट्रानेटवर ते असायला हवं, आधी शांतपणे तेवढं शोधून वाचून ठेवा आणि त्यात कुणाशी संपर्क करायचा म्हणून लिहिलंय तेही बघून ठेवा.