गॅस गिझर न्हाणीघरात नको, मग कुठे?

प्रश्न : आमचं घर जुन्या पेठेत आहे. न्हाणीघर 4 बाय 6 फूट, वर लहानसा झरोका. प्लंबर म्हणतात, गॅस गिझर आतच बसवा, एक्झॉस्ट फॅन लावला की झालं. बसवावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. फॅन असला तरी आत बसवू नका. हिशेब बघा. मिनिटाला 6 लिटर पाणी देणारा गिझर तासाला साधारण पाऊण ते एक किलो गॅस जाळतो, आणि किलोभर गॅस नीट जळायला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीला दीड ते दोन घनमीटर. छत 8 फुटांवर धरलं, तर तुमच्या न्हाणीघरात हवाच मुळी साडेपाच घनमीटर! प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात; कडी काढायचंही त्राण उरत नाही. थंडीत झरोक्याला पुठ्ठा लावला जातो, तेव्हा धोका सर्वांत जास्त. वीज गेली की फॅन बंद, गिझर मात्र सेलवर चालूच. जीव असल्या भरवशावर सोडू नये.

गिझर बाहेरच्या भिंतीवर घ्या : मागचं अंगण, बोळ किंवा उघडी गॅलरी. वर छज्जा हवा, थेट वारा नको, नाहीतर ज्योत विझते. गिझरच्या वरच्या तोंडातून निघणारा धूर झरोक्यातून परत आत येणार नाही, इतकं अंतर ठेवा. ज्योतीची खिडकी डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून सुमारे 5 फुटांवर यावी. भिंत दगडमातीची असेल तर बोल्ट दगडात घ्या, मातीच्या सांध्यात तो सैल होतो. गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही. सीपीव्हीसी किंवा जीआय वापरा.

सिलिंडर उभाच, जमिनीच्या पातळीवर ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला की मोरीत, खड्ड्यात साचतो. म्हणून मोरीपासून लांब. शेगडीच्या नळीला टी मारून गिझर जोडू नका. आयएसआय मार्कची सुरक्षा नळी घ्या, दीड मीटरहून लांब नको, आणि ती पाच वर्षांनी बदला. जोडणी झाली की प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बघा, काडी ओढून कधीच नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं बटण चालू-बंद करू नका आणि बाहेर येऊन 1906 वर फोन करा.

प्रश्न : टाकी गच्चीवर आहे, तरी गिझर कधी पेटतो, कधी नाही.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पाण्याच्या दाबाने आतला पडदा सरकतो, तेव्हाच गॅस सुटतो. दर मीटर उंचीला दाब मिळतो चौरस सेंटिमीटरला फक्त 0.1 किलो. टाकी त्याच मजल्याच्या, समजा 10 फुटांवरच्या छतावर, 3 फुटी स्टँडवर असेल, तर 7 फुटांवरच्या शॉवरला जेमतेम 6 फूट उंची उरते. गिझरवर छापलेला किमान दाब बघा आणि टाकी तेवढी उचला.

आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. टाकी तळाला गेली की गाळ इनलेटच्या जाळीत अडकतो, म्हणून आधी जाळी काढून धुवा. मग दोन्ही सेल बदला. बोअरचं पाणी वापरत असाल तर तांब्याच्या कॉइलमध्ये क्षार बसतात आणि धार बारीक होते. ती कॉइल मेकॅनिककडून साफ करून घ्या. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, काजळी धरली, तर बर्नर साफ होईपर्यंत गिझर लावू नका.